कोथरूडच्या बंगल्यासाठी हीट पंप: चार वर्षांच्या वापरानंतरचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: जुना बंगला दुरुस्तीला काढलाय, घरात सहा माणसं, तीन बाथरूम, सासूबाईंना पहाटे पाचला आंघोळीचं पाणी लागतं. जर्मनीत दिरांकडे अख्ख्या घराला एकच हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर आणि पाणी तापवणारं यंत्र, आहे. तसा इथे बसवावा का, आणि केवढा? आमच्या सहकारनगरच्या घरी हीट पंपाला चार वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दिरांच्या पंपाचं. तिकडे तो मुख्यतः खोल्या उबदार ठेवण्यासाठी असतो, आंघोळीचं पाणी हे त्याचं जोडकाम. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी तोच २९-३० वर असतो. खोली तापवायची गरज वर्षातून जेमतेम काही आठवडे, तीही सकाळ-संध्याकाळ. त्यासाठी सासूबाईंच्या खोलीत ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी लावा. तोही हीट पंपच, फक्त उलटा फिरणारा. सगळ्या घराला डक्ट टाकून एकच यंत्र बसवू नका. जुन्या बंगल्याची छतं त्यासाठी खाली आणावी लागतात आणि एक कॉम्प्रेसर बिघडला की सगळं घर बंद. पुण्यात अख्ख्या घराचा हीट पंप घ्यायचा तो पाण्यासाठी, आणि तिथे मात्र तो फार चांगला आहे.

फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. २०० लिटर पाणी २२ अंशांवरून ५५ वर न्यायला ६,६०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ७.७ युनिट उष्णता लागते. गीझर ती सगळी मीटरमधून घेतो. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा, ३ ते ४ मिळाला, तर तेच काम दोन-अडीच युनिटांत होतं. मात्र हा ‘मिळाला तर’ महत्त्वाचा. हवा जितकी गार आणि पाणी जितकं जास्त तापवायचं, तितका सीओपी घसरतो. म्हणून विक्रेत्याला नुसता सीओपी विचारू नका, तो किती अंश हवेला आणि किती अंश पाण्याला मोजलाय ते विचारा.

यातूनच माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला येतो: पंप दुपारी चालवा. बहुतेक बसवणारे गीझरच्या सवयीने पहाटे चारचा टायमर लावून जातात. म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार हवेतून उष्णता ओढायची. आमचा पंप १२ ते ४ चालतो. संध्याकाळी ५५ अंशांवर असलेलं पाणी पहाटे ५१-५२ असतं, आंघोळीला भरपूर. गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर ती वीजही त्याच वेळी तयार होत असते. टीओडी मीटर (दिवसातल्या वेळेनुसार वापर वेगळा मोजणारा) असेल तर महावितरणची दिवसाच्या वापरावरची सवलतही मिळते.

दुपारी एकदाच तापवायचं, तर टाकी मोठी हवी. ५५ अंशांच्या पाण्यातून २० लिटरची एक बादली आंघोळीजोगी करायला साधारण १२ लिटर गरम पाणी लागतं. साध्या शॉवरखाली आठ मिनिटं म्हणजे ४० लिटरच्या आसपास. दोघं बादलीवाले, चौघं शॉवरवाले धरले आणि स्वयंपाकघर मिळवलं, की २०० लिटरच्या वर जातं. टाकीत खालून गार पाणी शिरत असतं, त्यामुळे सगळं पाणी उपयोगी पडत नाही. तुम्ही ३०० लिटर घ्या. साडेतीन किलोवॉट उष्णता देणारं यंत्र ती साडेतीन तासांच्या आत तापवतं. छताला लावायचे ते मोठे रेन शॉवर बसवणार असाल, तर हे गणित मोडलं असं समजा.

जागेच्या बाबतीत आमची चूक झाली. बसवणाऱ्याने पंप स्वयंपाकघर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळात ठेवला. पंप गार हवा बाहेर फेकतो. बोळात ती कोंडायची आणि पुन्हा पंपातच ओढली जायची. पाणी तापायला दुप्पट वेळ लागू लागला. शिवाय समोरच्या घरातल्या आजींची खिडकी पंख्याच्या तोंडासमोर. त्यांनी दोन महिने काही न बोलता सोसलं, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी गच्चीवर हलवला, पाइप पुन्हा टाकले, खर्च दुप्पट. तुम्ही सुरुवातीलाच मोकळ्या हवेत ठेवा. भरलेली टाकी चारशे किलोच्या घरात जाते, तेव्हा स्लॅबच्या मधोमध नको, कॉलम-बीमच्या वर, आणि इंजिनिअरला विचारून. पावसाळ्यात कॉइलवर साचणाऱ्या पाण्यालाही उताराची नळी द्या. आमची कढीलिंबाच्या कुंडीत सोडली आहे.

खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, पण बोअर किंवा टँकर मिसळत असेल तर टाकीत क्षार धरतात. काचेचा थर दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो, म्हणून दरवर्षी उघडून बघायचा. तो काढायला वर जागा सुटली आहे ना, हे बसवतानाच पाहा. प्रेशर पंप असेल तर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. रोज ५०-५५ अंशांवर ठेवलंत तरी आठवड्यातून एकदा ६० पर्यंत न्या, कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. सासूबाईंच्या नळाला गरम पाण्यात गार मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, वयस्कर कातडी पटकन भाजते. आणि यंत्रातलं बूस्टर कॉइल, म्हणजे गीझरसारखं विजेवर थेट पाणी तापवणारं कॉइल, ‘ऑटो’वर ठेवू नका. ते नकळत चालू होतं आणि मग तुम्ही महागडा गीझरच वापरत असता.

आमच्या सब-मीटरवर डिसेंबरात दिवसाला तीनेक युनिट दिसतात, मे महिन्यात दीडच्या आत. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि वाचतात ती सगळ्यात वरच्या टप्प्यातली युनिटं. त्यामुळे महिन्याचा वापर आधीच शंभर युनिटांच्या आत असेल, तर एवढा खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतील. गच्चीवरचा सोलर बंब नीट चालत असेल तर तोही काढून टाकू नका.

एक काम फरशी बसण्याआधीच करा. जुने जीआय पाइप काढून गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन टाका आणि तिला नायट्राइल फोम गुंडाळून घ्या, भिंतीतल्या भागालासुद्धा. पाऊण इंची पाइपच्या चाळीस फुटांत जवळजवळ तीन लिटर पाणी गार होऊन बसलेलं असतं, ते पहाटे वाहून जाईपर्यंत सासूबाईंना उभं राहावं लागेल. टाकीपासून त्यांच्या बाथरूमपर्यंत पाइपचा मार्ग किती फूट भरतो ते मोजून इथे लिहा, रिटर्न लाइन (पाइपात गार झालेलं पाणी टाकीत परत नेणारी) लागेल का ते त्यावरून सांगतो.