काउन्सेलिंग लावलंय म्हणजे पोराचे विचार बदलणार का?

"मॅडम, बाल न्याय मंडळाने पोराला काउन्सेलिंग लावलंय, म्हणजे तो मेंटल ठरला का, पुढे नोकरीला आडवं येईल का" असं आईवडील मला, काउन्सेलरला, सारखं विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सतरा वर्षांचा मुलगा. भावाची भरती पेपरफुटीत रद्द झाली म्हणून मोर्चाला गेला, तिथे दगडफेक झाली, बसची काच फुटली आणि हा सापडला. मंडळाने समज देऊन ग्रुप काउन्सेलिंग सांगितलं. त्याआधी मी एकेकट्याशी बोलते. वडील खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ते मोर्चाचं भूत तेवढं उतरवा." पोरगा गप्प, मग शर्टाच्या खिशातनं वहीचं पान काढलं, चार घड्या घातलेलं, "माझे विचार चुकीचे होते, मला पश्चात्ताप झाला आहे", खाली सही. वडिलांनी सांगून लिहून घेतलेलं. म्हणतो, "हे रिपोर्टला लावा, लवकर संपेल ना?"

मी तो कागद घेतला नाही, कारण असे कागद लिहून घेण्याचा इतिहास आमच्या पेशात आहे आणि तो फार वाईट आहे. सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्यांना कोर्ट मॉस्कोच्या सर्ब्स्की इन्स्टिट्यूटमध्ये तपासायला पाठवायचं, तिथे 'संथ स्किझोफ्रेनिया'चं (हळूहळू वाढणारा म्हणून सांगितलेला मनाचा आजार) निदान व्हायचं, देश सुधारायची ओढ हेच लक्षण, आणि मग सक्तीचे उपचार, ज्याला शिक्षेसारखी मुदतच नाही, माझे विचार म्हणजे आजार होता असं कबूल केलं की 'सुधारणा'. सरकारवर टीका करणारे सोव्हिएत सैन्यातले जनरल ग्रिगोरेंको, त्यांना असंच वेडं ठरवलं. कीव्हच्या सेम्योन ग्लुझमन या तरुण डॉक्टरने 1971 मध्ये कागदपत्रं तपासून लिहिलं की हा माणूस ठणठणीत आहे, तर त्या डॉक्टरलाच सात वर्षं सक्तमजुरीची छावणी आणि तीन वर्षं हद्दपारी. मला हे आठवलं की अजून संताप येतो, कारण ती निदानं करणारे आमच्यासारखेच शिकलेले लोक होते.

आपल्याकडे मानसिक आरोग्य कायदा 2017 चं कलम 3 स्पष्ट आहे, समाजात चालणारी राजकीय मतं पटत नाहीत म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

मी मुलाला सांगितलं, रिपोर्टमध्ये तू आलास का, भाग घेतलास का, वागण्यात काय फरक दिसतो एवढंच जाईल, पेपरफुटीबद्दल तुझं मत जाणार नाही आणि ते मी बदलणारही नाही. तेव्हा कुठे तो बोलायला लागला. काचेचे तुकडे ड्रायव्हरच्या मांडीवर पडलेले त्याने बघितले होते, रात्री तो आवाज येऊन झोप मोडायची, घरी सांगायची सोय नाही कारण घरी नुसता मोर्चावर राग. आमचं काम त्यावर झालं, राग आला की हातात काय येतं आणि त्या क्षणी काय करायचं यावर. मोर्चा बरोबर की चूक हा विषयच नव्हता. वडिलांना हे पटायला वेळ लागला, अजून पूर्ण पटलंय असं मी म्हणणार नाही.

आता नोकरीचं. काउन्सेलिंगचा आदेश म्हणजे आजाराचं निदान नव्हे, आणि बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र धरत नाहीत (सोळाच्या वरच्याला जघन्य म्हणजे अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरवलं तर वेगळं). पहिल्याच दिवशी काउन्सेलरला विचारा रिपोर्टमध्ये काय काय जाणार, आणि कोणी मुलाकडून मतं बदलल्याचं लिहून मागितलं तर वकिलामार्फत मंडळापुढे सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना तिथे फुकट मिळतो.