मिस्साची सक्ती आणि मुलांचं स्वातंत्र्य

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वर्गातली दहावीची मुलगी विचारते, "रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चुकवली तर पाप, मग देवाने मला स्वातंत्र्य दिलं म्हणता ते कुठलं?" तुम्ही सांगितलंत, नियम आपल्या भल्यासाठीच असतात. ती गप्प बसली, पण तिला पटलं नाही हे तुम्हाला कळलं.

वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, मी २२ वर्षं हा वर्ग घेतोय. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि ज्या वर्षी येत नाही त्या वर्षी मला जास्त काळजी वाटते. तुमचं उत्तर चुकीचं नाही. पण त्याने तिच्या मनातलं चित्र बदललं नाही. त्या चित्रात एकीकडे ती आहे, दुसरीकडे नियम. नियम एक पाऊल पुढे आला की तिला एक पाऊल मागे सरावं लागतं, आणि मग जी जागा उरेल तिला ती स्वातंत्र्य म्हणते. या चित्रात नियम कितीही भल्याचा असला तरी तिचं काहीतरी हिरावूनच घेणार.

हे चित्र तिने एकटीने रंगवलेलं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नीतीची मांडणी केली, ती माणसाचं खरं सुख कशात आहे या प्रश्नापासून. कायदा फार पुढे येतो, आणि त्याची व्याख्या ते सर्वांच्या हितासाठी बुद्धीने घातलेली शिस्त अशी करतात. पुढच्या शतकात विल्यम ऑफ ऑकम या तत्त्वज्ञाच्या विचारात स्वातंत्र्य म्हणजे हेही निवडता येणं आणि तेही निवडता येणं, आणि कर्तव्य म्हणजे वरून आलेली आज्ञा, असं वळण मिळालं. नंतरच्या काही शतकांत पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी जी पाठ्यपुस्तकं झाली, त्यांत काय बंधनकारक आणि काय नाही याचाच हिशेब मुख्य झाला. सर्वे पिंकार्स या डॉमिनिकन संघातल्या बेल्जियन धर्मगुरूंनी विसाव्या शतकात हा सगळा प्रवास उलगडून दाखवला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा तिसरा भाग उघडून पाहा. देवाची प्रतिमा असलेला माणूस, त्याची परमसुखाची ओढ, स्वातंत्र्य, विवेकबुद्धी, सद्गुण हे सगळं आधी येतं, दहा आज्ञा उत्तरार्धात. आपण मात्र वर्गात थेट उत्तरार्धापासून सुरुवात करतो आणि मुलं कंटाळली की त्यांना दोष देतो.

मी सुरुवात बावखलापासून, म्हणजे आमच्या गावाकडच्या तळ्यापासून करतो. आमच्याकडच्या मुलांना हे लगेच कळतं. ज्याला पोहता येत नाही त्याला कुणी अडवत नाही, उडी मारायला तो मोकळा आहे. पण पलीकडच्या काठाला जायला तो मोकळा आहे का? काका कमरेला दोरी बांधतात, हात कसा मारायचा, श्वास कधी घ्यायचा ते सांगतात. पहिले आठ दिवस ती दोरी काचते. महिन्याभराने तोच मुलगा मधोमध उताणा पडून आभाळ बघतो. यातला मोकळा कोण, असं विचारलं की वर्गात बोलणं सुरू होतं. कॅथलिक शिकवणीत स्वातंत्र्य ही अशी वाढत जाणारी ताकद आहे. चांगलं करता येणं, आणि ते आनंदाने करता येणं.

एखादा हुशार मुलगा विचारतोच, "मग मोठं झाल्यावर दोरी सोडायची ना? आज्ञाही सोडायच्या?" हा प्रश्न टाळू नका. दोरी सुटते, पाण्याचे नियम सुटत नाहीत. पट्टीचा पोहणाराही पाण्याचं ऐकतोच, फक्त आता ते त्याच्या अंगात भिनलेलं असतं.

आता मिस्साबद्दल. आपण लहानपणी आज्ञा तोंडपाठ करतो त्या संक्षिप्त रूपात. त्या रूपात एक वाक्य गळून पडलंय. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात पहिली आज्ञा देण्याआधी देव सांगतो की मीच तुला मिसर (इजिप्त) देशातून, गुलामीतून बाहेर काढलं. म्हणजे सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात शब्बाथाचं (आठवड्यातल्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचं) कारण दिलंय तेही वर्गात मोठ्याने वाचून घ्या. तू मिसरात गुलाम होतास हे आठव, म्हणून तू विसावा घे, आणि तुझे दास-दासी यांनाही घेऊ दे. गुलामाला सुट्टी नसते. आठवड्यातला एक दिवस मालकाचा नाही, बाजाराचा नाही, क्लासचा नाही, हे सांगणारी ती आज्ञा आहे. ज्या मुलांची रविवारची सकाळही टेस्ट सिरीजने खाल्लीय त्यांना हे ऐकताना मी पाहिलंय. ती सरसावून बसतात. रविवारची मिस्सा ही त्या सुटकेची आठवण आहे, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात पूर्ण झालेल्या सुटकेची. बंधन आहेच, ते मी लपवत नाही. पण ते कशाकडे नेतं हे आधी दिसलं पाहिजे.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा सलग तीन रविवार आला नव्हता. मी सगळ्या वर्गासमोर त्याला पापाची आठवण करून दिली. नंतर कळलं, आजी अंथरुणाला खिळली होती आणि आई कामावर गेल्यावर तिच्याजवळ तोच बसायचा. आजारपण किंवा तसंच गंभीर कारण असेल तर मिस्साचं बंधन लागू होत नाही, हे धर्मशिक्षण ग्रंथातच आहे. मला नियमाचा धाक माहीत होता, नियम पुरता माहीत नव्हता. मी त्याची माफी मागितली, तीही वर्गासमोरच. तेव्हापासून कुणाच्या गैरहजेरीबद्दल चारचौघांत बोलत नाही. आणखी एक: भीती, दडपण, जडलेली सवय यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही त्याच ग्रंथात लिहिलंय. मोबाइलच्या सवयीत अडकलेल्या मुलांपर्यंत हे पोचवा. त्यांतली कितीतरी मुलं स्वतःला कायमची वाया गेलेली समजून बसलेली असतात.

विवेकबुद्धीचा विषय निघाला की "मला जे वाटतं ते" असा अर्थ निघतो. चर्चची शिकवण दोन्ही बाजूंनी कडक आहे. विवेकाचा खात्रीचा निर्णय माणसाने पाळलाच पाहिजे. पण विवेक चुकूही शकतो, आणि सत्य शोधायची तसदीच घेतली नाही तर त्या चुकीला आपण जबाबदार. हे नुसतं सांगून उतरत नाही. म्हणून मी फ्रान्झ येगरश्टेटर यांची गोष्ट घेतो.

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा हा शेतकरी. घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरच्या युद्धात लढणं अन्यायाचं आहे अशी त्याची खात्री झाली. त्याने एकट्याने ठरवून टाकलं नाही. धर्मगुरूंना विचारलं, थेट बिशपांना जाऊन भेटला. बिशपांनी त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण दिली. तरी १९४३ मध्ये सैन्यात बोलावणं आल्यावर त्याने शस्त्र घ्यायला नकार दिला. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता, ते कुणी ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. तुरुंगात त्याने लिहून ठेवलं की हात बेड्यांत आहेत, पण इच्छा बेड्यांत असण्यापेक्षा हे बरं. २००७ मध्ये लिंझला चर्चने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का तिथे हजर होत्या.

एवढं सांगून मी थांबतो आणि दोन गट करतो. एकाने बिशपांची बाजू मांडायची, दुसऱ्याने फ्रान्झची. पहिल्या गटातून कुणीतरी म्हणतंच, "आणि त्या तीन मुलींचं काय? ते कर्तव्य नव्हतं?" त्याचं उत्तर मी देत नाही. ज्याच्या हातांत बेड्या होत्या आणि जो तरीही मोकळा होता असा माणूस मुलांनी पाहिलेला असतो, आणि कर्तव्य हा शब्द त्यानंतर ती वेगळ्या आवाजात उच्चारतात.

तुमच्या त्या मुलीला पुढच्या रविवारी आधी एवढं सांगा की प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर अपुरं होतं. आई तिला ओढून आणते असंही तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल आईशी वेगळं बोला, मुलगी समोर नसताना. आणि येगरश्टेटर घेणार असाल तर दीड तास हाताशी ठेवा. ४० मिनिटांत बिशपांच्या बाजूच्या गटावर अन्याय होतो, आणि खरी अवघड वाक्यं त्याच गटातून येतात.