सुपरचार्जर लावायचाय, पण ब्लॉक कोणता?

प्रश्न: रस्त्यावर चालवायच्या गाडीत व्ही-८ बसवून त्यावर ७-८ पीएसआय बूस्टचा (जादा हवेच्या दाबाचा) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, लावायचा आहे. फ्लायव्हीलवर ५५० हॉर्सपॉवर मिळाली तरी पुरे. रेसिंगचा नवा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा) परवडणार नाही. वापरलेला कोणता घ्यावा? आणि अ‍ॅल्युमिनियमचा चालेल का?

उत्तर: एवढ्या ताकदीला रेसिंग ब्लॉक लागतच नाही. जनरल मोटर्सच्या ट्रकांमधला बिडाचा जेन-३ (तिसऱ्या पिढीचा) ब्लॉक बघा, ५.३ लिटर (एलएम७) किंवा ६.० लिटर (एलक्यू४, एलक्यू९). त्याचा स्कर्ट (ब्लॉकची खालची बाजूची भिंत) क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याच्या, मध्यरेषेच्या बराच खाली उतरतो आणि क्रँक धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट असतात: चार उभे, दोन बाजूने आडवे. त्यामुळे बूस्टखाली कॅप जागचे हलत नाहीत. फोर्डचा जुना ३०२ स्वस्तात मिळतो खरा, पण त्याचा मूळ ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास मेन वेबपासून (क्रँक धरणाऱ्या आतल्या भिंतीपासून) वरच्या लिफ्टर व्हॅलीपर्यंत (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेपर्यंत) उभा चिरतो. तुमचं लक्ष्य त्याच्या पुढचं आहे, म्हणून तो नकोच.

दोघांत ५.३ आधी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९६ मिमी, म्हणजे ६.० च्या १०१.६ मिमीपेक्षा लहान, पण हवा सुपरचार्जर भरणारच आहे. शिवाय तो सहज सापडतो. ६.० घेणार असाल तर एलक्यू९ साठी जादा पैसे मोजू नका. त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०:१ च्या घरात आहे. एलक्यू४ चं ९.४:१ च्या आसपासचं कॉम्प्रेशन पंपावरच्या पेट्रोलवर बूस्टला जास्त सोयीचं. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकने अंदाजे ४० किलो वाचतात, मात्र त्याचे लायनर पातळ. बोअर झिजला असेल तर हलक्या होनिंगपलीकडे (भिंत घासून गुळगुळीत करण्यापलीकडे) फारसं काही करता येत नाही. बजेट कमी असेल तर बीडच बरं.

प्रश्न: जुना ब्लॉक घेतल्यावर आधी काय तपासायचं? नव्या पिस्टनची गरज आहे का?

उत्तर: पिस्टनआधी रिंग गॅप, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. असे बहुतेक इंजिन ब्लॉकमुळे मरत नाहीत. बूस्टच्या उष्णतेने वरची रिंग लांबते, तिची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि पिस्टनची वरची कड तुटून येते. वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचामागे ०.००६ इंच गॅप धरा: ५.३ ला ०.५८ मिमी, ६.० ला ०.६१ मिमी. दुसऱ्या रिंगला ०.०५ मिमी जास्त. रिंग उलट्या पिस्टनने ढकलून साधारण २५ मिमी खाली सरळ बसवा, मग फीलर गेज घाला. तिरकी राहिली तर माप फसवं येतं. गॅप वाढवायला टोक घासताना कानस बाहेरून आतल्या दिशेने फिरवा, नाहीतर दर्शनी भागावरचं मॉलिब्डेनम उडतं. कडेला राहिलेली बारीक धार दगडाने मारा. हे झालं आणि ट्यूनिंगमध्ये नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊ दिला नाही, तर मूळ पिस्टन-रॉड या ताकदीला पुरतात. नॉक झाला तर फोर्ज्ड पिस्टनही फक्त थोडी मुदत वाढवून देतात.

ब्लॉकला तडे आहेत का ते मॅग्नेटिक तपासणीत बघा. बोअर मोठा करणार असाल तर आधी अल्ट्रासॉनिकने भिंतींची जाडी मोजून घ्या आणि होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करा. हेड आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो. एक गोष्ट हमखास विसरते. हेड बोल्टची भोकं खाली बंद असतात. हेड काढताना त्यांत कूलंट किंवा तेल उतरतं, आणि तसाच बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा नसल्याने चांगला ब्लॉक तिथेच तडकतो. प्रत्येक भोकात बारीक नळीने हवा मारा, तळ कोरडा दिसेपर्यंत. जुने हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते टाका.

प्रश्न: क्रँक पुलीबद्दल वेगळी काळजी घ्यावी का?

उत्तर: हो. या क्रँकच्या नाकाला की (फिरणं अडवणारी पट्टी) नसते; बॅलन्सर (क्रँकच्या टोकावरची पुली) घट्ट बसवलेला असतो आणि बोल्टच्या दाबावर धरून असतो. सुपरचार्जरच्या पट्ट्याचा भार आला की तो क्रँकवर घसरू शकतो. ड्रिल जिग लावून बॅलन्सर आणि क्रँकच्या सांध्यावर भोक पाडा व डॉवेल पिन (दोन भाग जखडणारी खुंटी) ठोका. इंजिन गाडीत जाण्याआधीच हे काम उरका, नंतर करायचं तर ड्रिलला जागा मिळवायला सहसा रेडिएटर काढावा लागतो.