टेपचं टोक धरणाऱ्यांचे प्रश्न

बसस्थानकं, डेपो, वर्कशॉप, थांबे अशा कामांची मापं आणि बिलं करण्यात माझी नोकरी गेली. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशकात खोदाई वाढली, तशी क्वांटिटी सर्व्हेइंगला अप्रेंटिस लागलेल्या मुलामुलींची पत्रंही वाढली. त्यातली पाच आज घेतो.

प्रश्न : सिव्हिलचा डिप्लोमा करून बस डेपोच्या कामावर अप्रेंटिस लागले. तीन महिने नुसता लेव्हलचा स्टाफ (उंची मोजायची आकड्यांची उभी पट्टी) धरून उभी आहे. माझ्याबरोबरची मुलं ऑफिसात बसून एक्सेल शिकली. माझं वर्ष वाया चाललंय का? (सिडको)

स्टाफ कशासाठी धरतेस हे कळलं नाही, तरच वाया. डेपोच्या आवारातला ४० बाय २५ मीटरचा एक तुकडा घे. हजार चौरस मीटर झाला. मुरूम टाकण्याआधी एकदा लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेतात, रोलर फिरल्यावर पुन्हा घेतात, आणि या दोन्हींतल्या फरकावर भरावाचं बिल निघतं. आता सुरुवातीच्या लेव्हलला, ३ मीटरच्या आसपास रीडिंग असताना, तुझा स्टाफ दहा अंश कललेला होता असं धर. रीडिंग साडेचार सेंटिमीटरने जास्त येतं. म्हणजे जमीन आहे त्याहून खाली दिसते आणि भराव तेवढा फुगतो. सगळीच रीडिंगं अशी आली तर ४५ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, तेव्हा जवळजवळ १६ ब्रास मुरूम एकही डंपर न येता साइटवर आला. तो तुझ्या मनगटातून आला!

म्हणून स्टाफ किंचित पुढेमागे डोलवायचा आणि लेव्हलवरच्या माणसाने सगळ्यांत कमी रीडिंग लिहायचं. उपकरणावरच्या साहेबांना ही सवय नसेल तर तू डोलवायला लाग, ते आपोआप विचारतील.

संध्याकाळी फील्डबुकातली रीडिंगं वहीत उतरवून घे आणि घरी स्वतः क्वांटिटी काढ. महिनाअखेर आरए बिल (चालू कामाचं बिल) तयार झालं की आपला आकडा शेजारी ठेवून बघ. जुळला नाही तर चूक कोणाची ते शोधण्यात जे शिकशील ते वर्गात मिळत नाही. डंपरच्या पावत्यांची बेरीज आणि लेव्हलवरून काढलेला भराव यांचा मेळ बसणार नाही, त्याने घाबरू नकोस. गाडीतला मुरूम सुटा असतो, रोलरखाली तो दबतो. पावत्या नेहमी जास्तच भरायला हव्यात. कमी भरल्या तर मात्र कान टवकार.

आणि एक्सेल दोन आठवड्यांत येतं.

प्रश्न : पाया खोदताना माझ्या डोळ्यांसमोर निम्मा मुरूम निघाला. बिलात सगळा कठीण खडक धरलाय. साहेब म्हणतात, मोजमाप पुस्तकात तू पण सही कर. करू का? (पंचवटी)

करू नकोस. मापं नोंदवण्याचा अधिकार ज्या अभियंत्याला दिलाय, त्याचीच सही तिथे हवी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने तू प्रशिक्षणार्थी आहेस, त्यामुळे "साहेब, मला अधिकार नाही" एवढं नम्रपणे म्हणायला कोणाची हरकत नसावी. आवाज चढवू नकोस, उपदेश तर अजिबात नको.

आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पण हे थर पुस्तकातल्या चित्रासारखे सरळ येत नाहीत. एकाच खड्ड्याच्या एका कोपऱ्यात ब्रेकर लावावा लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पोकलेनचं बकेट सहज शिरतं. मातीचा, मऊ खडकाचा, कठीण खडकाचा दर वेगवेगळा, म्हणून भांडण इथेच होतं. पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) पडली की पुरावा गाडला गेला. तेव्हा खड्डा उघडा असतानाच प्रत्येक थराची खोली टेप लावून, टेपसकट फोटो काढून, तारखेनिशी डायरीत लिही. साहेब खोटंच लिहितायत असंही लगेच धरू नकोस. ब्रेकर लावलेला भाग तू पाहिला नसशील.

माझ्या उमेदवारीत एका वरिष्ठांनी मला मोजमाप पुस्तकाचं एक पान "नीट लिहून काढ" म्हणून फाडायला लावलं होतं. त्या पुस्तकाच्या पानांना छापील नंबर असतात. खाडाखोडही चालत नाही. चुकलेला आकडा एक रेघ मारून वाचता येईल असा ठेवायचा आणि शेजारी सही करायची. ऑडिटमध्ये पान नाही हे पहिल्या पाच मिनिटांत सापडलं. अक्षर माझं होतं, ते कोणाला नाकारता येईना.

प्रश्न : मुलाला अप्रेंटिस म्हणून बोलावलंय. किमान पैसे किती, आणि वर्षानंतर कायम करतात का? (एक वडील, ओझर)

२०१९ च्या सुधारित नियमांत किमान विद्यावेतन पदवीधराला दरमहा ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये ठरलं. करारपत्रावर आज कोणता आकडा लिहिलाय ते सहीआधी वाचून घ्या. कायम करण्याची हमी कायदा देत नाही. त्याचं प्रमाणपत्र आणि त्याची डायरी, या दोन गोष्टी मात्र त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही.

प्रश्न : बसस्थानकाच्या इमारतीचं प्लास्टर मोजताना खिडक्यादारांची वजावट कशी धरायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (नाशिकरोड)

निविदेत वेगळं काही लिहिलं नसेल तर आयएस १२००, म्हणजे बांधकामाची मापं घेण्याचं भारतीय मानक, बघ. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करत नाहीत. तिकीट खिडकी ०.९ बाय ०.५ ची असेल तर ०.४५ झाली, सोडून दे. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही अंगांना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच अंगाची वजावट. पार्सल ऑफिसचं ३ बाय २.४ चं शटर ७.२ झालं, तिथे दोन्ही अंगं वजा आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजून मिळवायचं. प्रत्येक जण वेगळं सांगतो, कारण प्रत्येकाला आपल्या बाजूचा अर्धाच नियम पाठ असतो.

प्रश्न : नाशिकला निओ मेट्रो (रबरी चाकांची मेट्रो) होणार म्हणून मी बसस्थानकाच्या कामावरची अप्रेंटिसशिप घेतली नाही. थांबलो ते बरोबर केलं ना? (गंगापूर रोड)

नाही. निओचं नाव १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आलं, २,०९२ कोटींचा आकडाही आला. तिचा खांब मी अजून पाहिलेला नाही. त्याच वर्षी ८ जुलैला सिटीलिंकच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेच्या, बस रस्त्यावर आल्या. मोजायला शिकायचं तर जे उभं राहतंय ते मोज.

चालू बसस्थानकावरचं काम तर सगळ्यांत अवघड. गाड्या थांबवता येत नाहीत, म्हणून अर्धं आवार बंद करून काँक्रीट करतात आणि अर्ध्यात गाड्या लावतात. (गाड्या लागतात तिथे डांबर टिकत नाही. डिझेल-ऑइल सांडतं आणि जागच्या जागी वळणारी चाकं ते उखडतात.) दोन टप्प्यांत काम, म्हणजे मापंही दोनदा, आणि दोन्ही वेळा मधल्या सांध्याजवळची पट्टी मोजली जाते. मीही मोजली आहे. पहिल्या मापाची हद्द पेव्हरवर खडूने आखू नकोस, इमारतीच्या कॉलमपासूनचं अंतर वहीत लिहून ठेव. पेव्हर उचलले जातात, कॉलम तिथेच राहतो.

एकदा मी आकडा लिहीत असताना रिव्हर्स येणारी गाडी माझ्या टेपवरून गेली. कंडक्टर शिट्टी मारत होता, मी मान खाली घालून बसलो होतो. टेप १२ मीटरपाशी मोडला. त्यानंतर मी पहाटे साडेचारला जाऊ लागलो. फलाट रिकामे, कँटीनवाल्याचा स्टोव्ह नुकता पेटलेला, आणि टेपचं दुसरं टोक धरायला तोच. टेप स्टीलचाच ने. फायबरचा ताणला की लांबतो.