महाराष्ट्रात होमस्कूलिंगसाठी मुलाचं नाव कुठे नोंदवायचं?

तुम्ही विचारलंय की मुलाची तिसरी संपतेय, ऐरोलीत राहता, चौथीपासून घरीच शिकवायचं ठरतंय, तर शिक्षण विभागात होमस्कूलिंगची नोंदणी कुठे होते आणि फॉर्म कुठे मिळतो. तर असा फॉर्म नाहीये. जिल्हा परिषदेत नाही, महापालिकेच्या शिक्षण विभागात नाही, वाशीच्या बोर्डाच्या ऑफिसातही नाही. आपण नेटवर जे वाचतो ते बरंचसं अमेरिकेतल्या पालकांनी लिहिलेलं असतं, तिकडे बऱ्याच राज्यांत पालक आधी रीतसर कळवतात, त्यामुळे आपल्याकडेही तसंच काहीतरी असणार असं वाटतं. कोणी "शासनमान्य होमस्कूल रजिस्ट्रेशन करून देतो" म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. शिकवणीचे पैसे घेतात ते वेगळं, पण जी नोंदणीच अस्तित्वात नाही तिचे कसले पैसे?

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, मुलीला प्राथमिक शाळेतूनच काढलं, आता ती दहावीच्या वयाची आहे, म्हणून हे सगळं जवळून बघितलंय.

कायद्याचं आधी सांगते कारण भीती तिथेच असते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्यातलं कलम 10 म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. म्हणजे होमस्कूलिंगला परवानगी आहे असं त्यात कुठे लिहिलेलं नाही हे मान्यच करायला हवं, पण ते कर्तव्य पाळलं नाही म्हणून पालकांना दंड किंवा शिक्षा असंही त्या कायद्यात कुठे नाही. दंड आहे तो विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला, 1 लाखापर्यंत, आणि तरी चालू ठेवली तर रोजचे 10 हजार. हे मुद्दाम सांगतेय कारण होमस्कूलिंगवाल्या आई-वडिलांना हौस येते, सोसायटीतली पाच-दहा मुलं गोळा करून एखाद्या फ्लॅटमध्ये फी घेऊन रोज वर्ग सुरू करायची. दोन घरांनी मिळून मुलांना शिकवणं वेगळं आणि पाटी लावून, फी घेऊन रोज शाळेसारखं चालवणं वेगळं, त्या भानगडीत पडू नका.

आता खरं काम, दाखला. माझ्या मते नव्वद टक्के काळजी इथेच घ्यायची. बरेच जण काय करतात, जूनपासून मुलाला पाठवणंच बंद करतात, फी थकते, नाव पटावर तसंच राहतं आणि दोन-तीन वर्षांनी दाखला हवा म्हटल्यावर शाळा मागची सगळी फी मागते. त्यापेक्षा वार्षिक निकाल हातात आला की लगेच मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज द्या, झेरॉक्सवर पोच घ्या आणि शाळा सोडल्याचा दाखला रीतसर घ्या. कारणाच्या रकान्यात बहुतेक शाळा "पालकांच्या अर्जावरून" एवढंच लिहितात, ते पुरतं, तिथे होमस्कूलिंग लिहाच असा हट्ट नको. मुलाचा सरल किंवा यूडायसवरचा (म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) स्टुडंट आयडी दाखल्यावर आहे ना बघा, पुढे कुठल्याही शाळेत परत जायचं झालं तर तोच नंबर मागतात.

आणि दाखला हातात आल्यावर तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव तालुक्यासकट, आणि जातीची नोंद. आपल्याकडे जातीच्या दाखल्याला आणि पुढे जात पडताळणीला शाळेच्या दाखल्यावरची नोंद बघतात, तिथे एक अक्षर चुकलं की किती खेटे घालावे लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्यामानाने सोपी, एकदा नाव कमी झालं की शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या चुकीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावं लागतं. मूळ दाखला लॅमिनेट करू नका, पुढे दहावीच्या फॉर्मला मूळच लागू शकतो. जन्माचा दाखलाही शोधून ठेवा, तुमच्या मुलाला लागेलच. (ज्यांची बाळं 1 ऑक्टोबर 2023 नंतरची आहेत त्यांच्यासाठी तर आता जन्मतारखेचा पुरावा म्हणजे तोच.)

मग घरी कोणी विचारायला येतं का? येऊ शकतात. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं, त्यात महापालिका शाळेच्या शिक्षिका घरोघर फिरतात. आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावलं, दाखला दाखवला, मुलीच्या वह्या दाखवल्या, पुढे कुठल्या परीक्षेला बसवणार ते सांगितलं, त्यांनी तिच्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि लिहून घेऊन गेल्या. त्या त्यांचं काम करतायत, आणि ते काम फार गरजेचं आहे, वीटभट्टीवरची, नाक्यावरची मुलं त्यामुळेच सापडतात. त्यांच्याशी कायद्यावरून वाद घालायचा नाही. मुलाचं काम तारखेवार एका फाइलमध्ये ठेवलं की बोलणंच सोपं होतं.

परीक्षांचं आता. घरी शिकलेल्या मुलाला कागदावर शिक्षण दाखवायचा रस्ता परीक्षेतूनच जातो. पाचवी आणि आठवीसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, 2017 च्या शासन निर्णयाने आलेलं, पाचवीला 10 वर्षं पूर्ण आणि आठवीला 13 वर्षं पूर्ण लागतात. एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त शाळा, त्यांच्याकडेही तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे ए, बी, सी असे टप्पे आहेत. हे टप्पे सगळे दिलेच पाहिजेत असं नाही, पण निदान पाचवीचा कागद असावा असं मला ठामपणे वाटतं, कारण राज्य बोर्डाची दहावी बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म भरतात आणि त्याला किमान पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण ही अट असते. तुमचा मुलगा तिसरीनंतर निघतोय, म्हणजे ही गोष्ट तुम्हाला नेमकी लागू होते. चौथी-पाचवी शाळेत करून मग काढलं तर हा प्रश्नच उरत नाही, घाई नसेल तर तोही विचार करा.

दहावीला एनआयओएस की 17 नंबर, हे मुलावर. 17 नंबरला नेहमीचीच पुस्तकं, नेहमीचीच फेब्रुवारी-मार्चची परीक्षा, एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, ठाणे-नवी मुंबईचं सगळं वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे. एनआयओएसला 14 वर्षं पूर्ण लागतात, वर्षातून दोनदा परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालते, पाच विषय सुटे सुटे देता येतात, दहावी मराठी माध्यमातूनही होते. माझ्या मुलीला एका वेळी दोनच विषय घेऊन खोलात जायला आवडतं म्हणून आम्ही ते घेतलं. फक्त एक, तिथे गणित-विज्ञान न घेताही दहावी पास होता येतं आणि मुलं खुश होऊन ते सोडतात, मग अकरावीला सायन्सला जायचं ठरलं की अडकतात. वयाच्या चौदाव्या वर्षी तो दरवाजा बंद करू नये.

काय सुटतं तेही सांगते. स्कॉलरशिप परीक्षेचे फॉर्म शाळेमार्फत जातात, ते नाही मिळणार. रोजचे मित्र सुटतात, आणि हे मला सगळ्यात जड गेलं, संध्याकाळी मैदानावर पाठवणं हा आमच्याकडे गणितापेक्षा पक्का नियम आहे. मिळतं ते असं की मंगळवारी सकाळी भरती-ओहोटीची वेळ बघून ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाता येतं, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात दुपारभर बसता येतं, 1893 ची संस्था आहे ती, तुम्हाला ट्रेनने दहा-पंधरा मिनिटं.

आणि नाहीच जमलं तर परत शाळेत घालता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, पालिकेची किंवा अनुदानित शाळा दाखला उशिरा आला म्हणून अडवू शकत नाही. मोठ्या फीच्या खाजगी शाळेत मात्र जागा असेल तरच, हे धरून चाला.

तुम्ही शाळेचं बोर्ड लिहिलं नाहीये. सीबीएसई असेल तर लक्षात ठेवा, घरी शिकलेल्या मुलाला सीबीएसईची दहावी थेट बाहेरून देता येत नाही, म्हणजे पुस्तकं आत्तापासूनच राज्य बोर्ड किंवा एनआयओएसच्या हिशोबाने बघायला लागा.