काळा कोट आणि ‘पाच नंबर’

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यासाठी मला वरचेवर तालुका न्यायालयात जावे लागते. तेथे वकील मंडळी ‘पाच नंबरवर से आला का?’ असे आपसात बोलतात आणि शेजारी उभ्या असलेल्या पक्षकाराला काहीही उमगत नाही. हा काळा कोट आणि ही भाषा आम्हाला दूर ठेवण्यासाठीच आहे काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कोटाबद्दल आपला राग थोडा अनाठायी आहे. तो भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी ठरवून दिलेला आहे आणि त्याच नियमांनुसार गळ्यातील पांढरे बँड व गाऊन, समारंभाचा प्रसंग वगळता, न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालता येत नाहीत (न्यायालयासमोरील चहाच्या टपरीवर ही तरतूद फारशी कोणाला आठवत नसावी). सनद नसताना वकिली करणाऱ्यास १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, त्यामुळे अधिकृत वकील कोण हे पक्षकाराला कोटावरून ओळखता येणे त्याच्याच सोयीचे आहे. स्वतःचा दावा स्वतः चालवण्यास मात्र सनद लागत नाही.

भाषेची गोष्ट वेगळी. दाव्यातील कागदांना जे क्रमांक पडतात त्यांना निशाणी म्हणतात; वादपत्र निशाणी १ असते आणि तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जाला प्रघाताने निशाणी ५ मिळते, म्हणून तो अर्ज ‘पाच नंबर’ झाला. ‘से’ म्हणजे त्यावर समोरच्या पक्षाने द्यायचे लेखी म्हणणे. तेव्हा आपण ऐकलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच, की मनाईच्या अर्जावर प्रतिवादीचे म्हणणे दाखल झाले का. दिवसाला वीस-पंचवीस प्रकरणे पुकारली जात असताना अशी लघुलिपी लागतेच, हे मान्य. परंतु जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असताना, हाच खुलासा पक्षकाराला दोन वाक्यांत करण्याचा कंटाळा केला जातो, तेव्हा सोयीसाठी घडलेली बोली कुंपण होते, आणि येथे आपली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

पुढील तारखेला आपल्या वकिलांना तीनच गोष्टी विचाराव्यात : आज कोणत्या निशाणीवर काम झाले, त्यावर काय आदेश झाला आणि पुढची तारीख कशासाठी नेमली आहे. त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद रोजनाम्यात होते व पक्षकार या नात्याने त्याची नक्कल आपल्याला अर्ज करून मिळू शकते.