वाचक विचारतात : लेखक गेल्यावर दहा वर्षांनी पुस्तक?

प्रश्न : आमच्या शेजारी मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई राहतात. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, म्हणून ऑसवाल्ड चेंबर्स यांच्या ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ या रोज एक पान वाचायच्या ख्रिस्ती चिंतनाच्या पुस्तकातले त्या-त्या तारखेचे पान मी वाचून दाखवते. लेखक वारले १९१७ साली आणि पुस्तक निघाले १९२७ला, हे कसे? शिवाय कापूस वेचणीत चार-आठ दिवस खाडा पडला तर मागची पाने भरून काढायची का?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : ताई, जन्मभर दर्यापुरात शॉर्टहँड शिकवणाऱ्या माणसाला तुम्ही नेमका त्याचाच प्रश्न विचारला.

चेंबर्स स्कॉटलंडचे, जन्म १८७४चा. लंडनमध्ये बायबल कॉलेज चालवायचे. पहिल्या महायुद्धात वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतर्फे कैरोजवळच्या झैतून छावणीत सैनिकांमध्ये गेले. तिथे अपेंडिक्स उठले. जखमींना खाटा लागतील म्हणून दवाखान्यात जायचे त्यांनी लांबवले. ऑपरेशन झाले, पण वाचले नाहीत. वय ४३. स्वतः छापलेले फार थोडे.

त्यांची प्रवचने शॉर्टहँडमध्ये लिहून घेत होत्या त्यांच्या पत्नी गर्ट्रूड. चेंबर्स त्यांना ‘बिडी’ म्हणत. (आपल्याकडे हसतील, पण नाव तेच.) मिनिटाला २५० शब्द घ्यायच्या, असे सांगतात. माझ्या क्लासात १२०च्या परीक्षेला पोरांची बोटे आखडायची, पेन्सिल घामाने सटकायची! कॉलेजात काय, छावणीत काय, नवऱ्याचे प्रवचन सुरू झाले की यांच्या रेघा-टिंबे सुरू. तो गेल्यावर पदरी लहानगी मुलगी. घरात विद्यार्थी भाडेकरू ठेवायचे, त्यांचे जेवणखाण उरकायचे आणि मग वह्या उघडायच्या. त्या वह्यांतून निवडून वर्षभराची पाने त्यांनी बांधली. प्रस्तावनेखाली सही फक्त ‘बी. सी.’. माझ्या मते मुखपृष्ठावर दोन नावे हवी होती.

कुठे कुठे सांधा दिसतो. एक वाक्य एकीकडे, पुढचे भलतीकडेच. वेगवेगळ्या दिवशीचे बोलणे एका पानात आले की असे होणारच. बोललेलेच ते, म्हणून मोठ्याने वाचले की उलगडते; तुमचे चालले आहे तेच बरोबर. चेंबर्स तसे कडक. प्रार्थनेत गहिवरून आले याचे त्यांना फारसे कौतुक नाही. देवाने सांगितले ते केले का, एवढेच ते विचारतात. नर्सबाईंना हा सूर ओळखीचा वाटत असेल, वॉर्डात त्यांनीही तोच लावला असणार.

राहिला खाडा. भरून काढू नका. ही काही कादंबरी नव्हे. सरळ आजची तारीख उघडा. नर्सबाईंनीच मागचे पान मागितले, तर मात्र वाचा.